बाजेपुढचं स्टेअरिंग

मी लॉरीचं स्टेअरिंग बोलतोय. हसू नका. माझ्याखाली ना इंजिन, ना चाकं. समोर केनवडच्या एका अंगणातला गोवऱ्यांचा ढीग आणि खुंट्याला बांधलेली बकरी. तरी याच अंगणातून मी एका माणसाला कुवेतला पोचवलंय.

वाशिम-रिसोड रस्त्यावर कापूस ओढण्यात माझी उमर गेली. लॉरी भंगारात निघाली आणि मी देवमन लोहाराच्या भात्यामागे येऊन पडलो. ज्याला जन्मभर वळायची सवय, त्याला भिंतीला टेकवून ठेवलं की काय हाल होतात, ते माझं मला ठाऊक.

तिथून मला इंद्रभाननं उचललं. हा जिनिंगवाल्या शेठचा ड्रायव्हर, माझ्यासारखाच अस्वस्थ जीव. मानोऱ्याकडचा हरिसिंग कुवेतहून सुट्टीवर आला होता. त्याच्याशी बोलल्यापासून इंद्रभानच्या कानात वारं शिरलं होतं. तिकडच्या कंपनीला ड्रायव्हर हवे होते. व्हिसा कंपनीच काढणार, विमानाचं तिकीटही तीच देणार. मुंबईत त्यांच्या माणसाला गाडी चालवून दाखवायची, बस्स. अडचण एकच होती. तिकडच्या गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गिअर उजव्या हाताला येतो.

"तशी गाडी इकडं कुठं भेटंल?" त्याची बायको वच्छला म्हणाली.

"बनवतो ना!"

देवमननं मला लोखंडी पाइपावर बसवलं आणि पाइप अंगणात गाडला. माझ्यापुढे बाज. तिच्या डाव्या टोकाला इंद्रभान, पायाखाली क्लच-ब्रेकच्या विटा, उजव्या हाताशी गिअर म्हणून ठोकलेला बाभळीचा सोटा. बाजेच्या दुसऱ्या टोकाला वच्छला. तिचं काम चुका पकडायचं.

"अवो, डावा हात कायले नेऊन राह्यले? उजवा!"

आळीला फुकटचा तमाशा झाला. "जयभीम, कंडक्टरबाई! कुवेतचं एक तिकीट द्या," म्हणत माणसं पुढे जायची. वच्छला पदर तोंडाला लावून हसायची. मला मात्र फिरायला मिळत होतं. जागेवरच का होईना, मी फिरत होतो.

हात इतका वळला की एके दिवशी रिठदजवळ शेठच्या लॉरीत गिअर टाकायला त्याचा उजवा हातच गेला. तिथे गिअर कुठला? दाराची कडी हाती आली, दार उघडलं आणि लॉरी थेट तुरीच्या वावरात. शेठनं उभ्या उभ्या कामावरून काढलं. आता मुंबईची परीक्षा हुकली तर घरात बसायची पाळी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्यापुढे बसला खरा, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. डावा हात सोट्याकडे गेला. वच्छला बघत होती. बोलली नाही. पुन्हा तेच झालं. पुन्हा ती गप्प.

"काहून सांगत नाहीस वं?"

"दिसलं नाही मले."

दिसलं होतं. तिच्या डोळ्यांसमोरच तर मी होतो! प्रत्येक चूक सुधारली की नवरा एकेक पाऊल लांब जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. एक चूक अंगात राहू दिली असती तर माणूस घरी राहिला असता. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. सकाळी उजाडल्याबरोबर तिनंच हाक मारली, "चला, बसा. काल लय चुकून राह्यले होते तुमी."

मुंबईत तो पास झाला. व्हिसा आला. निघायच्या दिवशी पेटी दाराशी ठेवून तो बाजेवर टेकला, माझ्यावरून हात फिरवला आणि मुद्दाम डावा हात सोट्यावर ठेवून वच्छलाकडे बघत बसला.

तिचे डोळे भरून आले होते. "उजवा," ती म्हणाली.

तो उठला आणि गेला.

आता मला गंज चढतोय. बकरी माझ्यावर पाय देऊन निंबाचा पाला ओरबाडते. भंगारवाला दोनदा विचारून गेला. संध्याकाळी वच्छला तांदूळ निवडायला बाजेवर बसते, तेव्हाही उजव्याच टोकाला. डावी जागा मोकळी ठेवते.

बाबांनो, मला इतक्यात उपटू नका. तो परत आला की इकडच्या गाडीसाठी त्याला हात पुन्हा डावीकडे वळवावा लागेल. तेव्हा चूक सांगायला वच्छला हवी आणि चुका करायला मी हवा.