जाळलेल्या बियाण्याचे वेल

तुम्ही खोटं लिहिलंय. शिक्का मारून, खाली सही ठोकून. ‘शेतकरी महिलेने कंद नखाने खरवडल्यामुळे सड शिरली,’ असं तुमच्या बियाणे केंद्राच्या अहवालात आहे. यंदा मी एकाही कंदाला नख लावलेलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच लावलं नाही, आणि तिथेच फसले.

तुम्हाला कोनफळ ताटात आल्यावरच ओळखू येत असेल, म्हणून आधी नखाचं सांगते. कंद बाहेरून कितीही टणक, गोमटा दिसला तरी त्याचा भरवसा नाही. रोग सालीखाली दडतो. म्हणून लावणीआधी प्रत्येक कंदाची साल अंगठ्याच्या नखाने जराशी खरवडायची. खाली स्वच्छ रंग दिसला तर बियाणं, तपकिरी रेघ दिसली तर चूल. खरवडलेल्या जागी राख चोळली की झालं. डोळा भुलतो, नख भुलत नाही, असं आई म्हणायची. बियाणंही तिचंच, आतून गर्द जांभळं, चौकोनी वेलाच्या कडा लालसर. लावणीच्या दिवसांत आमची नखं पंधरा-पंधरा दिवस जांभळी असायची. शाळेत मास्तर विचारायचे, रोज शाई कशी सांडते गं तुझी?

मग तुमचं पत्रक आलं. जुन्या बियाण्यात रोग आहे, ते केंद्रात जमा करा, आम्ही जाळू, बदल्यात तपासलेलं पांढरं बियाणं देऊ. मी देणार नव्हते. माझ्या कंदात तपकिरी रेघ शेवटची कधी दिसली तेही मला आठवत नव्हतं. पण तुमच्या केंद्राचं कोठार सांभाळतो तो माझा सख्खा धाकटा भाऊ. तो दोन दिवस माझ्या दारात ठाण मांडून बसला. सगळ्यांनी दिलं, एक तूच अडलीस तर माझ्या बहिणीनेच नियम मोडला असं होईल, माझी नोकरी अजून पक्की नाही, म्हणाला. मी सहा टोपल्या भरून दिल्या. एक कंदसुद्धा मागे ठेवला नाही. प्रामाणिकपणाचा रोग आम्हाला घराण्यातूनच आहे, निदान मला तरी.

लावणीच्या वेळी तुमची सीलबंद खोकी त्यानेच आणून उतरवली. मुठीएवढे कंद, कापायचे नाहीत, अख्खेच लावायचे. सवयीने माझा अंगठा पुढे गेला तर त्याने मनगट धरलं.

“ताई, नख लावू नकोस. नख लागलं की हमी गेली. आता यंत्र तपासतं.”

मी हसले. म्हटलं, यंत्राची नखं कापता का रे अधूनमधून? तो हसला नाही. माझं मनगट धरलेल्या त्याच्या हाताचं अंगठ्याचं नख जांभळं होतं. मला दिसलं, आणि मी सोडून दिलं. सख्ख्या भावाच्या नखांकडे कोण संशयाने बघतं?

चारशे उंचवटे केले, चारशे काठ्या रोवल्या. वेल आले ते शंभरही नसतील, तेही गुडघाभर चढून काळे पडले. उकरून पाहिलं तर कंदांच्या जागी लगदा. तुमचा तपासनीस आला, बूट खराब होतील म्हणून बांधावरच उभा राहिला. तुम्ही कंद नखाने तपासता का, म्हणाला. मी म्हटलं, दरवर्षी तपासते, यंदा नाही. त्याने पहिला अर्धाच लिहून घेतला.

अहवाल हातात पडला तशी मी भावाकडे गेले. नख लावू दिलं नाही हे त्यालाच माहीत होतं, त्याने तेवढं सांगितलं असतं तर पुरे होतं. तो घरी नव्हता. भावजय कपडे वाळत घालत होती. मला बघून खूश झाली आणि हाताला धरून परसात घेऊन गेली.

“बघा तरी, तुमचं बियाणं कसं फोफावलंय. हे म्हणाले, ताईने खास आपल्याला दिलं.”

भिंतभर वेल. हिरवेगार, पानावर ठिपका नाही, कडा लालसर. माझ्या आईचे वेल. भावजयीचा काय दोष? पाणी मागितलं आणि तिथेच बसून राहिले.

तो आला, मला पाहिलं, वेलांकडे पाहिलं, बायकोला आत पाठवलं. मग एकेक करून सगळं बोलला. कोठाराचं छप्पर दोन महिने गळत होतं. खोक्यांवर ताडपत्री घालायचं काम त्याचं, ती त्याने घातली नव्हती. आतून वास येत होता. खोकी परत पाठवली असती तर छपराचं आणि ताडपत्रीचं बाहेर आलं असतं. माझ्या टोपल्या त्याने जाळायला नेल्या, पण आधी एकेक कंद खरवडून पाहिला.

“एकातही रेघ नव्हती, ताई. हात धजेना.”

“मग मला का नाही परत दिलंस?”

“कागदावर ते जळालंय. जळालेलं परत कसं देणार?”

आणि हे बोलून झाल्यावर त्याने खिशातून तुमचा फॉर्म काढला. चूक माझी होती अशी मी सही केली की प्रकरण मिटेल. मग खणणीच्या वेळी तो मला अर्धे कंद देईल. गुपचूप. माझेच कंद, अर्धे, चोरून. लहानपणी तापात याच्या कपाळावर पट्ट्या मीच ठेवल्या होत्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते इतक्या मऊ आवाजात होतं, हे मला माहीत नव्हतं.

मी सही केली नाही. हे पत्र तुमच्याकडे पोचलं की त्याची नोकरी जाईल. तीनदा पेन खाली ठेवलं, तीनदा उचललं. पण ताडपत्री एकट्या त्याची असेल, छप्पर तुमचं होतं. पत्रक तुमचं होतं. अर्धं वाक्य लिहून नेणारा तुमचा होता.

तेव्हा फिरवून बोलू नका. माझ्या बियाण्यात रोग होता का? होता, तर माझ्या भावाच्या परसात या, तुमच्या नखाने कंद खरवडा आणि मला रेघ दाखवा. नव्हता, तर ते जाळायला कुणी सांगितलं, आणि कशावरून? परसातले वेल पिवळे पडायला लागलेत, म्हणजे खणणी जवळ आली. तो कंद खणेल त्याच्या आत मला उत्तर पाहिजे, सहीनिशी.