वहिनींनी आणलेला ब्रश

मी एक ब्रश आहे, जलरंगाचा. शाळेच्या दप्तरात असतो तसल्या काटकुळ्या ब्रशाशी माझी तुलना करू नका. मी चांगला गोल, गुबगुबीत, मोठ्या पोटाचा. पाण्यात एकदा बुडी मारली की अख्खं आभाळ रंगवून होईपर्यंत मला दुसरा घोट लागत नाही. गर्विष्ठ वाटलो तर वाटू दे. तो गर्व पुढे उतरायचाच होता.

माझा जन्म कुठे झाला, मला ठाऊक नव्हतं. आठवतं ते पुण्यातल्या एका दुकानातलं काचेचं कपाट. भाचीच्या लग्नाच्या खरेदीतून वेळ काढून त्रिशलावहिनी तिथे आल्या. नवऱ्याला वाढदिवसाला द्यायचाय, तुमच्याकडचा सगळ्यात मऊ ब्रश दाखवा, म्हणाल्या. दुकानदारानं मला त्यांच्या तळहातावर फिरवलं. वहिनींना गुदगुल्या झाल्या, त्या हसल्या, आणि मी कोल्हापूरला आलो.

नवरा म्हणजे गोमटेशअण्णा. शाहूपुरीत त्यांचं नळ आणि पाइपांचं दुकान. आठवडाभर गिऱ्हाइकांशी डोकं लावायचं आणि सुट्टीदिवशी गाडीत बोर्ड, कागद, रंग टाकून बाहेर पडायचं, हा त्यांचा शिरस्ता. कधी पन्हाळा, कधी मसाईचं पठार. पण जीव अडकलेला राधानगरीच्या धरणाकाठी. समोर पाणी, पलीकडे डोंगर, त्यांच्या मागे आणखी फिकट डोंगर. आणि शेजारी घडीच्या खुर्चीवर वहिनी.

वहिनी स्वतः चित्र काढत नसत, पण त्यांच्याशिवाय चित्र होत नसे. जैनाचं घर, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. वहिनींच्या मते माझी आंघोळही गाळल्या पाण्यातच व्हायला हवी. धरणाचं पाणी दुपदरी कापडातून भांड्यात गाळायच्या आणि ते कापड उलटं करून पुन्हा धरणाच्याच पाण्यात धुवायच्या, जिथले जीव तिथे परत जावेत म्हणून. सोबत येणारा सम्राट नावाचा तरुण चित्रकार त्यांना चिडवायचा, "वैनी, आण्णा चित्र काढत्यात, पाणी पीत न्हाईत!"

"पाण्यातल्या जिवाला काय कळतंय, कोण पितंय आन् कोण रंगवतंय?" वहिनींचं उत्तर तयार असायचं.

त्यांचं दुसरं काम अण्णांना थांबवण्याचं. जलरंगात हात कधी थांबवायचा ते कळावं लागतं. अण्णांना ते कधीच कळलं नाही. छान उतरलेलं आभाळ आणखी छान करायला जात आणि चिखल करून ठेवत. वहिनी नेमक्या वेळेला म्हणायच्या, "आवो, बास. ठेवा आता." अण्णा कुरकुरत मला खाली ठेवायचे. घरात भिंतीवर लागलेलं एकूण एक चित्र वेळेवर थांबवलेलं होतं.

वहिनी फार काटेकोर. बिस्किटाचा पुडा मागून-पुढून वाचल्याशिवाय घरात येत नसे. चामड्याचं तर नावच नको. कोल्हापुरात जन्म काढून अण्णांच्या पायात रेक्झिनची चप्पल! एवढं सगळं बघणाऱ्या बाईला ब्रशाचे केस कशाचे हे विचारायचं मात्र सुचलं नाही. कुणाला सुचतं?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही राधानगरीला होतो. सम्राटनं सहज मला उचललं, माझे केस बोटांत फिरवले आणि एकदम खूश झाला.

"आण्णा, ह्यो खारीचा हाय की! लय भारी माल. आता घावत न्हाई असला."

"खारीचा म्हंजे?" वहिनींनी विचारलं.

"केस वो, वैनी. थंड मुलखातल्या खारीच्या शेपटीचं. मारल्याशिवाय मिळतंय व्हय..." बोलता बोलता त्यानं वहिनींचं तोंड पाहिलं आणि मला घाईनं खाली ठेवलं.

मलाही तेव्हाच कळलं. कुठल्याशा थंड मुलखातल्या झाडावर मी कुणाची तरी शेपटी होतो. इतकी वर्षं मी रानं रंगवली, हिरव्या रंगात गळ्यापर्यंत बुडालो, आणि मी मुळात झाडावरचा आहे हे मला परक्या माणसाकडून कळावं? मला रडू आलं. पण ब्रशाचं रडणं कुणाला दिसत नाही, आम्ही नेहमीच ओले.

परतीच्या वाटेवर अण्णा समजूत घालत होते. "अगं, तुला काय म्हाईत होतं? नकळत झालंय."

"मी आणला," वहिनी एवढंच म्हणत होत्या. "माझ्या हातानं आणला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदिरात जाऊन नियम घेतला, या ब्रशानं आमच्या घरात पुन्हा चित्र व्हायचं नाही. माझ्या हातून झालेली सगळी चित्रं भिंतीवरून उतरली. अण्णांनी एका शब्दानं विरोध केला नाही. मला कापडात गुंडाळून खणात ठेवलं.

अण्णांनी नायलॉनचा ब्रश आणला. बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण वहिनी धरणाकाठी येईनात. "तुम्ही जावा," म्हणायच्या. अण्णा एकटे जाऊन आले. बास म्हणायला कुणी नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वेळी चिखल घेऊन परतले. मग त्यांनी जाणंच सोडलं.

खणात पडल्याचं मला दुःख नव्हतं असं खोटं बोलणार नाही. होतं. पण त्याहून जास्त मला एकच हवं होतं, त्या दोघांनी पुन्हा पाण्याकाठी शेजारी-शेजारी बसावं. मी नसलो तरी चालेल.

पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन घरांत लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वहिनींनी आल्यागेल्यांची मागितली, फोनवरून नणंदेची, भावजयीची मागितली. मग खण उघडला, माझं कापड सोडलं, मला टेबलावर ठेवलं आणि माझ्यासमोर हात जोडले.

"उत्तम क्षमा," त्या म्हणाल्या. "तुझ्या जिवाची क्षमा मागते रे बाबा."

दारात उभे असलेले अण्णा डोळे पुसत होते. मला ओरडून सांगायचं होतं, वहिनी, तुम्ही काही केलं नाही, तुमच्या घरी मी सुखात होतो. पण मला तोंड कुठाय?

रडून झाल्यावर त्यांचा जीव हलका झाला असावा. "दिवाळी झाली की जाऊया राधानगरीला," त्या अण्णांना म्हणाल्या. "तो नवा ब्रश घ्या. मी येते." टेबलावर पडल्या पडल्या मला केवढा आनंद झाला!

दिवाळीच्या आधीच वहिनी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला, असं भेटायला आलेले लोक बोलत होते. हॉस्पिटलमधून त्या परत आल्या नाहीत.

आज अण्णा मला घेऊन धरणाकाठी आलेत. दोन्ही खुर्च्या उघडून ठेवल्यात. बोर्डावर कोरा कागद लावलाय, पण रंगांची पेटी गाडीतच ठेवलीय. त्यांनी मला पाण्यात बुडवलं आणि नुसत्या पाण्यानं कागदावर वहिनी काढायला घेतल्या. खांद्यावरून घेतलेला पदर, मांडीवरचे हात, मानेवरचा अंबाडा. इतक्या वर्षांत अण्णांनी डोंगर काढले, वहिनी कधी काढल्या नव्हत्या. त्या शेजारीच असायच्या, काढायच्या कशाला?

कागद तिरका धरला की ओल्या जागा उन्हात चमकतात आणि वहिनी दिसतात.

"तुझा नियम मोडला न्हाई हं," अण्णा रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले. "रंग कुठं लावलाय मी? ह्याला चित्र म्हणत न्हाईत."

एवढ्यात कागद वाळू लागला. आधी पदर गेला, मग हात. अण्णांनी घाईघाईनं मला बुडवलं आणि पदर पुन्हा काढला. तोवर अंबाडा गेला होता. मघापासून आमचं हेच चाललंय.

माझं मागणं फार नाही. रंग नको, भिंत नको, संध्याकाळी मी निमूट खणात जाईन. फक्त हे ऊन थोडा वेळ मागे सरू दे. वहिनींचा चेहरा अजून काढायचा राहिलाय.