कठड्यावरची खाच

रूळ उखडून केलेल्या पायवाटेवर सासूबाई आणि मी दर रविवारी फिरायला जातो. पूर्वी इथून चुन्याच्या भट्ट्यांची मालगाडी धावायची आणि ती माझे सासरे चालवायचे. मध्ये कुठे न थांबता गाडी कायम वेळेवर आणली म्हणून त्यांना पदक मिळालं होतं. सासरे गेले, पदक भिंतीवर राहिलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी ते दाखवलं जातं.

मला नसत्या चौकशा फार. परवा पडक्या भट्ट्या मागे टाकून आम्ही दगडी पुलाखाली पोचलो, तर कमानीला एकाच ठिकाणी काजळीचा जाड थर दिसला. बाकी कमान नुसती करडी.

"आई, इंजिन इथे थांबायचं का?"

"इथे कशाला थांबेल? स्टेशन आहे का हे?" सासूबाई म्हणाल्या आणि माझ्यापुढे पायऱ्या चढू लागल्या.

वर गवंडी कठड्याचे झिजलेले दगड काढून नवे बसवत होता. एका दगडाला बोटभर खोल, गुळगुळीत खाच होती. मी वाकून पाहिलं. इंजिनाचं धुराडं त्या काजळीखाली उभं राहिलं, तर ड्रायव्हर कमानीबाहेर, नेमका या खाचेखाली येत होता. आता मला राहवेना.

"ही खाच कशाची हो?"

"पाण्याने झिजला असेल," असं म्हणून गवंड्याने त्याच दगडाला पहार लावली.

"थांब रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "दोराने झिजलाय तो. माझ्या दोराने."

पुलाला लागूनच त्यांचं क्वार्टर होतं. रोज त्या इथून टोपलीत डबा घालून खाली सोडायच्या.

"पण बाबांना डबा घरूनच नेता आला असता की," मी म्हटलं.

"डब्याचं निमित्त गं. ते पहाटे निघायचे तेव्हा तुझा नवरा झोपलेला, रात्री यायचे तेव्हाही झोपलेला. बापाने लेकराला जागं बघायचं कधी?"

"मग तुम्ही इथून दाखवायचात?"

"इथून काय दिसणार? मी टोपलीतून खाली सोडायचे. आधी तो, मग तुझ्या दोन्ही नणंदा."

मी कठड्यावरून खाली डोकावून पटकन मागे सरकले. मागोमाग हसूही आलं, कारण आज माझ्या नवऱ्याला खाली सोडायला क्रेन मागवावी लागेल.

"आणि उशीर?"

"तो ते उतारावर भरून काढायचे. कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून आजवर कुणाला बोलले नाही."

गवंडी पहार टेकवून उभा होता. "आजी, दगड ठेवायचा तर साहेबांना कारण सांगावं लागेल. ते इथे पाटी लावतील. सगळ्या गावाला कळेल."

मी हळूच म्हटलं, "आई, मग पदकाचं काय?"

सासूबाईंनी खाचेत बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"पदक भिंतीवरून काढून ठेवू," त्या म्हणाल्या. "त्यात पोरं कुठे आहेत?"