आठवा ठिपका

खंडेनवमीला रेवतीच्या घरी देवापुढे पाट मांडला जाई आणि त्यावर घरातली सगळी हत्यारं येत. वडिलांचे पाने आणि पक्कड, आईची शिवणाची कात्री, झालंच तर विळी. रेवतीचे चाकू मात्र त्या पाटावर कधीच आले नव्हते. ते जुने अमेरिकन खिशातले चाकू होते, मिटून ठेवायचे, आणि आईच्या, म्हणजे वनमालाबाईंच्या मते पोरीच्या जातीनं जमवायची ती वस्तूच नव्हती.

"लोकांच्या मुली कानातली जमवतात," त्या शेजारणींना सांगत. "आमची सुऱ्या जमवते. स्थळ बघायला आलं की कपाट लपवायचं का मुलीला लपवायचं, तेच कळत नाही."

यंदा मात्र रेवती बांधकामाच्या सळ्या तपासणाऱ्या अंधेरीच्या प्रयोगशाळेतून कांदिवलीला घरी आली आणि दारातच थबकली. पाटावर, कात्रीशेजारी, झेंडूच्या फुलांमध्ये एक चाकू होता. तिन्ही पाती पंख्यासारखी उघडलेली, मुठीला हळदकुंकू लावलेलं.

"मीच ठेवला," आई पदराला हात पुसत म्हणाली. "तू रविवारी तो सगळ्यांसमोर दाखवणार ना? म्हटलं, पोरगी एवढी मेहनत करते, तर तिचंही हत्यारच झालं की ते. केवढा काळा पडला होता गं! विटेची भुकटी घेतली, खोबरेल घेतलं, अख्खी दुपार घासला. बघ आता, तोंड दिसेल त्यात."

खरंच तोंड दिसत होतं. रेवतीला त्यात स्वतःचा पडलेला चेहरा स्पष्ट दिसला.

जुन्या पोलादावर वर्षानुवर्षांच्या वापरानं जी काळसर-निळी झाक चढते, तिला जमवणारे लोक जिवापलीकडे जपतात. ती पुसायची नाही, हा त्यांच्यातला पहिला नियम. रेवती चाकू जमवायला लागल्यापासूनच्या चार वर्षांत आई पहिल्यांदा तिच्या चाकूंच्या जगात आपणहून शिरली होती, आणि तिनं नेमका तोच नियम मोडला होता. ओरडावं तर कुणावर?

"छान झालाय," रेवती कशीबशी म्हणाली आणि हात पुढे केला.

"ए, हात नाही लावायचा! उद्या दसरा झाल्याशिवाय हत्यार हलवत नाहीत."

हा चाकू साधा नव्हता. गोराईला राहणाऱ्या, जन्मभर बोटीवर नोकरी केलेल्या एका आजोबांकडून तिनं तो मिळवला होता. बनवणारी कंपनी पेनसिल्वेनियातली, केस नावाची. या कंपनीनं १९७० साली पात्याच्या मुळाशी, आपल्या नावाखाली, दहा ठिपके ठोकले आणि पुढे दर वर्षी त्यातला एक कमी करत गेली. म्हणजे ठिपके मोजा आणि साल सांगा. नऊ असले तर एकाहत्तर, आठ असले तर बहात्तर. रेवतीनं भिंगातून आठ मोजले होते.

घाटकोपरला जुने चाकू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दिवाळीत त्यांचं प्रदर्शन भरे, आणि नव्या सभासदाला तिथं स्वतःचं टेबल हवं असेल तर आधी एका चाकूचं साल सगळ्यांसमोर पुराव्यानिशी सिद्ध करावं लागे. रेवतीला ते टेबल हवं होतं. मंडळात सगळ्यात लहान तीच, आणि एकटी मुलगी. तिनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला चाकूचा फोटो बघून तिथले देवव्रतकाका म्हणाले होते, "सात वाटतात. शेवटच्या ठिपक्याचं अंतर जरा जास्त आहे."

तिनं उत्तर ठोकलं होतं, "आठच आहेत काका. एवढं मोजता येतं मला." त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

हात लावायचा नाही म्हटल्यावर रेवती भिंग घेऊन देवासमोर पालथी पडली. नाक झेंडूला टेकलं. तिनं पात्याच्या मुळाशी भिंग धरलं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, बघितलं का? साष्टांग घातलाय पोरीनं! म्हणत होता ना, हिला देवाधर्माचं काही नाही."

"भिंग घेऊन नमस्कार करतात का कुणी?" वडील, चंद्रप्रकाश, पेपराआडून म्हणाले.

रेवतीला यातलं काही ऐकू आलं नाही. पहिले सात ठिपके जिथल्या तिथं होते, गोल, खोल, एकसारखे. आठवा मात्र उथळ बशीसारखा झाला होता, कडा वेड्यावाकड्या. ठशानं ठोकलेला ठिपका असा नसतो. हा गंजानं खाल्लेला खड्डा होता. त्यात काळा गंज भरलेला होता तोवर तो ठिपक्यासारखा दिसत होता आणि नेमका रांगेतच पडला होता. झाक पुसायची नाही म्हणून तिनं तो गंज कधी काढलाच नव्हता. नियम पाळला म्हणून चूक राहिली, आणि आईनं नियम मोडला म्हणून ती दिसली.

सात. त्र्याहत्तर.

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं दसऱ्यानंतर पुन्हा खात्री करून घेतली. शेजारच्या टेबलावरचा नितेश डोकावला.

"मग? वांधा काय झाला?"

"मी सगळ्यांसमोर आठ म्हटलंय रे."

"तर आठच ठेव ना यार. जुना फोटो आहे तुझ्याकडे, त्यात आठ दिसतात. चाकू घासला गेला, पुरावा गेला. आता कोण काय सिद्ध करणार? झकास टेबल मिळेल."

रेवतीनं फोनवर तो जुना फोटो उघडला. फोटो खरोखर सुंदर होता. त्यात आठ काळे ठिपके अगदी ओळीनं उभे होते.

"इथं एखादा सळीचा नमुना चुकला तर तू असाच रिपोर्ट देशील?"

"सळीवर बिल्डिंग उभी राहते गं. चाकूवर काय उभं राहणार आहे?"

"मी," रेवती म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकातून सातही ठिपक्यांचा नवा फोटो काढला.

रविवारी आई हट्टानं मंडळाच्या बैठकीला सोबत आली. ठेवणीतली साडी नेसली होती. "मी घासलेला चाकू आहे, मला नको बघायला?" घासल्यानं काय झालं हे रेवतीनं तिला अजून सांगितलं नव्हतं.

रेवतीनं हिरव्या कापडावर चाकू ठेवला आणि खोलीतली कुजबुज एकदम थांबली. देवव्रतकाका खुर्चीतून अर्धवट उठले.

"अरे देवा! हे कोणी केलं? वाट लावली पार! कसल्या अडाण्याच्या हातात दिलास?"

मागच्या रांगेत वनमालाबाईंनी पर्स घट्ट धरली.

"आईनं घासला," रेवती म्हणाली. तिनं आवाज मोठा केला. "ती मागे बसलीय. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पुजतात. यंदा तिनं माझं हत्यार पुजलं, म्हणून घासलं. झाक गेली, ते खरंय. पण त्याचबरोबर माझी चूकही वर आली. मी आठ ठिपके सांगितले होते. आठवा हा ठिपकाच नाही, गंजाचा खड्डा आहे. हा चाकू बहात्तरचा नाही, त्र्याहत्तरचा."

तिनं पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. जुना, आठ ठिपक्यांचा, आणि नवा. ठोकलेल्या ठिपक्याची कड कशी दिसते, गंजलेल्याची कशी, ते तिनं समजावलं. मग चाकू आणि भिंग देवव्रतकाकांच्या हातात दिलं.

काकांनी खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बघितलं.

"सात," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

"तुम्ही 'वाटतात' म्हटलं होतं काका."

खोली हसली. काकाही हसले, जरा उशिरानं. "बरं बाई, सिद्ध तू केलंस. पण याची किंमत अर्ध्यावर आली, कळतंय ना?"

"विकायचाच नाहीये."

"टेबल दिलं," काका म्हणाले. मग मागच्या रांगेकडे वळून त्यांनी हात जोडले. "ताई, अडाणी म्हटलं, माफ करा."

वनमालाबाईंनी मान हलवली. बाहेर पडल्यावर जिन्यातच त्यांनी रेवतीचा दंड धरला.

"म्हणजे मी बिघडवला तुझा चाकू?"

"हो."

"आणि घरी बोलली नाहीस एका शब्दानं?"

"तू पहिल्यांदा पाटावर ठेवला होतास गं."

आई दोन पायऱ्या तशीच उतरली. समोरून मंडळातले एक गृहस्थ आपल्या बायकोला घेऊन वर येत होते. त्यांना वाट द्यायला दोघी थांबल्या, तेव्हा त्या बाईंनी सहज विचारलं, "चाकूंचं प्रदर्शन वरच का हो?"

"प्रदर्शन दिवाळीत," वनमालाबाई म्हणाल्या. "तेव्हा नक्की या. माझ्या मुलीचं टेबल आहे."