दोर धरणाऱ्याची चेष्टा

पंडित शाळेची पायरी चढलेला नव्हता, पण जिभेपायी गावानं त्याला हे नाव ठेवलेलं. कुणाचाही एका वाक्यात निकाल लावायचा आणि हशा पिकवायचा, हा त्याचा धंदा.

काल गिरणीपुढं त्यानं सख्ख्या चुलतभावालाच धरलं. हा भाऊ अंगानं दांडगा आणि बोलायला महाग, म्हणून त्याला सगळे मुका म्हणायचे. पंडित म्हणाला, "गप बसणाऱ्याच्या पोटात काहीतरी कुजत असतं. तोंड उघडलं तर वास येईल ना!" लोक पोट धरधरून हसले. मुकाही हसला.

ते हसणं पंडितला आज आठवत होतं. कारण आज तो दोघांच्या सामाईक विहिरीच्या तळाला गाळ काढत होता, आणि वर दोर धरायला मुका एकटाच होता.

पहारीचा घाव बसला आणि झरा फुटला. आधी तो हरखला. मग गारढोण पाणी गुडघ्याला लागलं. त्यानं घाईघाईनं दोर कमरेला बांधला.

"ओढ रे! झरा लागला!"

दोर हलला नाही. वर आभाळाचा वाटोळा तुकडा आणि त्यात मुक्याचं डोकं.

"अरे, ऐकू येत नाही का?"

"येतंय की. दादा, कालचं ते पुन्हा सांग. लोक हसत होते, मला नीट कळलंच नाही."

"चेष्टा होती रे ती!"

"हो, मीपण हसलो की. आता एक स्वतःवर कर. तुझ्यावरचं कधी ऐकलंच नाही."

पाणी मांडीवर चढलं. पंडितनं डोकं खाजवलं, ओठ चाटले, पण शब्द येईना. मनात एकच घोळत होतं. एकदा वर येऊ दे, मग बघतो तुला. कधीतरी तुझाही जीव माझ्या हातात येईल.

पाणी कमरेला लागलं तसा तो ओरडला, "नाही सुचत रे बाबा! पाया पडतो, ओढ!"

"बरं," मुका म्हणाला, आणि दोर ताणला गेला.

वर आल्यावर मुक्यानंच त्याच्या कमरेची गाठ सोडली, अंगावर घोंगडी टाकली.

"हातभर गाळ राहिलाय, दादा. उद्या पाणी उपसून मी उतरतो. दोर तू धर."

पंडितनं आपल्या हातांकडं बघितलं. खाली मनात आलेलं त्याला आठवलं, आणि पाण्यात वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलव," तो म्हणाला.