एकतिसावी ओळ

मित्रांनो, पुस्तक बांधून झाले की त्याला दाबून ठेवायला एक लोखंडी यंत्र लागते. वर चाक, मध्ये जाडजूड स्क्रू आणि खाली दोन पाट. त्याला शिकंजा म्हणतात. मी तो आहे, आणि आता फार जुना झालो आहे. चाक फिरवले की मी कण्हतो. तेल घातले तरी कण्हतो.

वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून मला घडवले. आधी मी एका छापखान्यात होतो. तो बंद पडला तेव्हा मास्तरांनी मला हातगाडीवर घालून आपल्या दुकानात आणले. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर एका इमारतीच्या जिन्याखाली ते दुकान होते. मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. पण मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरे उमटवताना चुकीची वेलांटी दिसली की ते भल्याभल्या संशोधकांना उभ्या उभ्या झापत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. शिवण काकूंची, पुठ्ठा मास्तरांचा आणि दाब माझा, अशी आमची वाटणी होती.

चार-पाच वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे लागून माणसे जे जाड पुस्तक लिहितात, त्याला प्रबंध म्हणतात. आमच्याकडे प्रबंधच येत. गांडुळांचा प्रबंध गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर पडे, त्यावर घटस्फोटितांचा, त्यावर पुलांच्या गंजाचा. मी सगळ्यांना एकाच वजनाने दाबी. पिठाची खळ वाळेपर्यंत काकू शेवटचे प्रकरण उघडून निष्कर्ष वाचत.

"अहो, ऐकलंत का? गांडुळांना कान नसतात."

"मग तुझी बडबड त्यांच्यापुढे कर," मास्तर म्हणत.

एकदा त्यांनी वाचले, की निवृत्त झालेल्या नवऱ्यांना पहिले वर्षभर बायकोशी काय बोलावे तेच सुचत नाही. काकूंनी पुस्तक मिटले. "याला पाच वर्षं घालवली? मला विचारलं असतं तर चहा उकळेपर्यंत सांगितलं असतं!"

ती माझी भराची वर्षे होती. संशोधक माझ्यावर हात ठेवून म्हणत, "मास्तर, असा दाब दुसरीकडे मिळत नाही." मला बरे वाटे. तेवढेच.

मग सोल्युशन आले. पंक्चर काढणारे आणि चपला करणारे वापरतात तसला उग्र वासाचा चिकट द्रव. खळीने बांधलेले पुस्तक माझ्यात दीड दिवस राही, सोल्युशनचे तासाभरात निघे. सगळ्यांनाच घाई होती. वासाने गिऱ्हाईक नाक दाबते म्हणून काकू डबा आतल्या बाजूला, बंद खिडकीपाशी घेऊन बसत आणि बोटानेच ते फासत. माझे काम कमी झाले. माझ्या चाकावर पिशव्या लटकू लागल्या.

अशातच एके दुपारी वैद्यकीय शाखेची एक मुलगी आली. सोल्युशन वापरणाऱ्या कामगारांचा ती अभ्यास करत होती. तिने काकूंना चाळीस प्रश्न विचारले. मग घुमणारा एक लोखंडी चिमटा त्यांच्या बोटांच्या टोकांना लावला.

"काकू, जाणवलं की सांगा."

"काय जाणवलं की?"

"थरथर."

"थरथर कसली? नुसतं गार लागतंय."

मुलीने मान खाली घालून काहीतरी लिहिले. काकूंनी तिला चहा दिला. "काही निघालं तर सांगशील ना गं?"

"सांगेन ना, काकू," ती म्हणाली.

मुलगी शेजारच्या चप्पलवाल्याकडे गेली, पुढे फर्निचरच्या दुकानात गेली, आणि नंतर तीन वर्षे दिसली नाही.

त्या तीन वर्षांत काकूंच्या हातून सुई निसटू लागली. एकदा दाभण बोटात शिरले तरी त्यांना कळले नाही. पानावर रक्त दिसले तेव्हा कळले. मास्तर ओरडले, "लक्ष कुठं असतं तुझं?" काकू म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय." आणि त्यांनी ते पान स्वतःच्या पदराने टिपले. मी पाहत होतो. पण शिकंज्याला पाहण्यापलीकडे काय करता येते?

मग एका सकाळी पाच प्रती बांधायला आल्या. विद्यापीठात द्यायला उद्या बारापर्यंत हव्या होत्या. आणणारी तीच मुलगी होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, केस कसेबसे बांधलेले. प्रती ठेवून ती बाकावर बसली आणि बसल्या बसल्या पेंगली. तिने काकूंना ओळखलेसुद्धा नाही.

काकू सवयीने पानांचा क्रम तपासत होत्या. एका तक्त्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा पुसला आणि ओठ हलवत ती ओळ वाचली. कामगार क्रमांक एकतीस. स्त्री. पुस्तकबांधणी. काम सव्वीस वर्षे. दुकान जिन्याखाली, खिडकी एक, बंद. बोटांची संवेदना: मंद.

मग त्यांनी निष्कर्ष उघडला. बंद जागेत सोल्युशन वापरणाऱ्यांच्या बोटांतील नसा निकामी होत जातात, असे तिथे लिहिले होते. वेळीच वापर थांबवल्यास सुधारणा संभवते, असेही लिहिले होते.

काकूंनी ते दोनदा वाचले. आज हसल्या नाहीत.

"ए पोरी," त्यांनी हाक मारली. मुलगी दचकून उठली. "ही एकतीस नंबरची बाई मीच ना?"

मुलीने काकूंकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"वेळीच म्हणजे कधी गं? तू चहा पिऊन गेलीस तेव्हा, की आत्ता?"

"काकू, पहिल्या वर्षी वाटलं, सगळ्यांना तपासून झालं की सांगू. मग सर म्हणाले, आकडे पक्के होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. आकडे पक्के झाले तेव्हा लिहायची घाई होती. मग... राहून गेलं."

"राहून गेलं," काकू म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "पत्ता तर तुझ्याकडे होता. पुस्तकातसुद्धा लिहिलायस. जिन्याखाली."

सोल्युशनचा डबा उचलत मास्तर म्हणाले, "ते नंतर बघू. उद्या बाराला द्यायचंय."

"ठेवा तो डबा," काकू म्हणाल्या. "या पुस्तकाला खळ लागेल."

"अगं, खळ उद्यापर्यंत वाळायची नाही! पोरीचं वर्ष जाईल."

दोघांनी मुलीकडे पाहिले. तिने आपल्या पाच गठ्ठ्यांकडे पाहिले. हातातल्या रुमालाची तिने पार गुंडाळी केली होती. मग म्हणाली, "खळच लावा. मी कार्यालयात सांगते."

मास्तरांनी माझ्या चाकावरच्या पिशव्या काढल्या आणि पाची प्रती माझ्यात लावल्या. मी कण्हलो.

"आता इथं बसायचं," काकू मुलीला म्हणाल्या, "आणि तू जे शोधलंयस ते वाचून दाखवायचं. मी गल्लीतल्यांना बोलावते."

सहा माणसे आली. मुलीने कच्च्या प्रतीतून वाचायला सुरुवात केली. पहिली काही पाने कुणालाच कळली नाहीत. तिलाही ते कळले, तेव्हा तिने कागद बाजूला ठेवला आणि आपल्या शब्दांत सांगू लागली. चप्पलवाला आपली बोटे चोळत ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "हे सगळं खरं. पण आता आम्ही करायचं काय, ते कुठल्या पानावर आहे?"

मुलीने पाने उलटली. शेवटपर्यंत उलटली. शेवटी एवढेच होते, की या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.

तिने मास्तरांकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: खिडकी उघडी ठेवा. डब्याला झाकण लावा. बोटाने फासू नका. बोटांना मुंग्या आल्या तर तपासून घ्या, मी सोबत येईन. खाली तिने आपला नंबर लिहिला. तो कागद मास्तरांनी स्वतः भिंतीला डकवला.

सगळे छान झाले, असे मी सांगणार नाही. कार्यालयाने मुलीला त्या सत्रात घेतले नाही. तिची पदवी सहा महिने लांबली. काकूंनी सोल्युशन कायमचे सोडले; त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची जाणीव वर्षभरात बरीचशी परतली, डाव्या हाताच्या दोन बोटांची परतलीच नाही. चप्पलवाल्याने सोल्युशन सोडले नाही. खळीने चप्पल कशी चिकटणार? तो फक्त उघड्यावर, पायरीवर येऊन बसू लागला. फर्निचरवाला म्हणाला, वेळ नाही. मुलगी मात्र यादी घेऊन उरलेल्या सगळ्यांच्या दारी गेली. दोन दारे तिला कायमची बंद सापडली. त्या दिवशी ती इथे येऊन बसली. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला.

आता प्रबंध संगणकातून जातात. पुस्तके थोडी येतात. मास्तरांचे खांदे माझ्यासारखेच कुरकुरतात आणि मला भंगारात द्यावे की राहू द्यावे, यावर अधूनमधून बोलणे निघते. दोन्हीला माझी हरकत नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी मोठे होऊन संशोधन करतील. कुणाचे रक्त तपासतील, कुणाला चाळीस प्रश्न विचारतील, कुणाच्या घरचा चहा पितील. जे सापडेल ते जरूर छापा, त्यावर सोनेरी अक्षरे घाला. पण त्याआधी त्या माणसाच्या दारी परत जा आणि त्याला कळेल असे सांगा. माझ्या पाटांखालून हजारो निष्कर्ष गेले. ज्यांच्याविषयी लिहिला, त्यांच्यासमोर बसून सांगितलेला असा एकच होता.