रबराची कोंबडी

फोन वाजला तसा विश्वेश्वर ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच, उजवा हात खरकटा. डाव्या हातात फोन धरून तो जिना चढला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिला. सिरसाळ्यात त्या काळी मोबाईलला रेंज मिळायची ती अशीच, उंचावर. त्या बाजूला गच्चीला कठडा नव्हता. बांधू बांधू म्हणता विश्वेश्वरचा बाप गुरुपाद वारला आणि कठडा राहिला तो राहिलाच.

त्याची आई बसम्मा खाली अंगणात उभी राहून ऐकत होती. नवरा गेल्यापासून सरकी-पेंडीचं दुकान तिनं एकटीनं चालवलं होतं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, पण जीभ अशी की मोंढ्यातले व्यापारीही तिच्या दुकानासमोरून जाताना बिडी विझवून जात. आणि पोरगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियर आहे हे सांगताना तिची मान अशी ताठ व्हायची की डोक्यावरचा पदर मागं घसरायचा.

"काल पैसे भरायच्या पानाचं काम केलं," वरून आवाज आला. "आज तेच पूर्ण करतो. अडचण काही नाही."

पुण्याहून आल्यापासून रोज सकाळी हीच तीन वाक्यं. हाच आवाज. देवीसमोर आणलेल्या बकऱ्याच्या गळ्यातून यावा तसा.

तो खाली आल्यावर तिनं विचारलं, "उभं राहून कावून बोलतोस रे? बसलं तर ऐकू जात न्हाई का त्यायला?"

"त्या मीटिंगचं नावच स्टँड-अप हाय, अव्वा. सगळ्यांनी उभंच ऱ्हायाचं. उभं असलं की माणूस थोडक्यात बोलतो म्हणं."

"ते पुण्यात. हितं तुला कोण बघतंय?"

तो परत ताटावर बसला. बसम्माच्या मनात आलं, कोणी बघत नसताना उभं राहतो, म्हणजे भीती किती आत गेली असेल!

"आन् अडचण न्हाई म्हणतोस, तर अर्धी भाकरी टाकून कावून पळतोस?"

"अडचण सांगितली की तिची चिठ्ठी होते. पिवळी, माझ्या नावाची. भिंतीला लावत्यात. मंग रोज इचारत्यात, ही चिठ्ठी अजून हितंच कशी."

"मंग काम जास्त हाय म्हणून सांगायचं."

"काम किती दिवसांचं हाय ते आकड्यांच्या पत्त्यांवर ठरतं. सगळ्यांनी एकदम एकेक पत्ता दाखवायचा. मी आठ दाखवला, बाकीच्यांनी तीन. साहेब म्हणला, तीनच धरू."

"आगं बया! शिकलेली माणसं जुगाराच्या पत्त्यांवर काम वाटत्यात?"

एरवी अशा बोलण्यावर तो खो खो हसला असता. आज नुसती भाकरी कुस्करत बसला. मग म्हणाला, "साहेबाला सांगून आलोय, आई लई आजारी हाय म्हणून."

"मी? मला काय धाड भरलीय?" बसम्मा कडाडली. हा पोरगा लहानपणी बोरं चोरल्याचंसुद्धा स्वतःहून येऊन सांगायचा.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत तो टॉवेल विसरला. बसम्मानं दार जरा लोटून टॉवेल आत दिला आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. त्याचा गळा मोकळा होता. जन्मल्यापासून तिथं इष्टलिंगाची चांदीची डबी होती, दोऱ्याच्या जागी कातडीवर पांढुरकी रेघ उमटलेली होती. रेघ होती. डबी नव्हती.

"लिंग कुठाय?"

विश्वेश्वरनं तिच्या हातातला टॉवेल ओढून गळ्याला गुंडाळला.

"इशा, लिंग कुठाय म्हणते मी."

त्यांच्या लिंगायत घरात अंगावरचं लिंग उतरतच नाही, लिंगाशिवाय घास घेत नाहीत. माणूस मेला तरी ते त्याच्याबरोबर मातीत जातं. बसम्माची आजी सांगायची की ज्याचं लिंग गेलं त्यानं जीव ठेवू नये. आता तसं कोणी धरत नाही, मठातले स्वामी शुद्ध करून पुन्हा बांधून देतात. हे बसम्माला ठाऊक होतं. तिच्या मनात आली ती दुसरीच गोष्ट. माणूस आपल्या हातानं लिंग कधी उतरवून ठेवेल? आणि तिला टाकीजवळची ती बिनकठड्याची कड दिसली, आणि त्या कडेला रोज सकाळी उभा राहणारा आपला पोरगा दिसला.

अंग पुसून तो बाहेर आला. पायरीवर बसून जमिनीकडं बघत बोलू लागला.

"आमी बाराजण एकाच कामावर लिहितो, अव्वा. ज्यानं त्यानं आपला तुकडा लिहायचा, मशीन सगळे तुकडे जोडतं. जोडताना कधी माझं लिहिलेलं गिळतं, कधी दुसऱ्याचं जुनं काढून माझ्यावर ठेवतं. दिवसभराचं काम गेलं तरी पत्ता लागत न्हाई. आन् जोडलेलं मोडलं, की ज्यानं शेवटचा तुकडा टाकला त्याच्या गळ्यात कोंबडी."

"कसली कोंबडी?"

"रबराची. सोललेली. दाबली की केकाटती. दोरी लावलीय तिला. दुसऱ्या कोणाचं मोडेपर्यंत गळ्यातच ठेवायची. जेवायला जाताना, मीटिंगला उभं राहताना. गंमत म्हणून."

"गंमत!"

"सगळे हसत्यात. मीबी हसलो."

बसम्माच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. पोरगा पहिल्यांदाच बोलत होता.

"लिंगावर कोंबडी कशी घेऊ? म्हणून लिंग काढून टेबलाच्या खणात ठेवलं. म्हणलं, कोंबडी गेली की घालीन. पण कोंबडी जाईनाच. मी नीट करायचो, मशीन पुन्हा मोडायचं, पुन्हा माझ्याच नावावर. शेवटी कोंबडी टेबलावर टाकली आन् निघालो. खण उघडायला हात गेलता, अव्वा. पण तसल्या गळ्यात परत कसं घालू?"

"चल!" बसम्मानं पदर खोचला. "आत्ताची यष्टी धरू. मी येते. बघते कोणाची माय व्यालीय तुझ्या गळ्यात कोंबडी घालायला. त्याच्याच टकुऱ्यात हाणते."

विश्वेश्वरनं वर बघितलं. "न्हाई," म्हणाला. "मी त्या मजल्यावर न्हाई जात. पाहिजे तर..." नकळत त्याची नजर जिन्याकडं गेली.

बसम्मानं खोचलेला पदर सोडला. सगळ्या आयुष्यात बोलता बोलता मागं सरायची तिची ही पहिलीच वेळ असेल.

"बरं. नको जाऊ. त्या दिंद्रुडच्या पोराला फोन लाव, तुझ्या खोलीत ऱ्हातोय आन् तुझ्याच कंपनीत हाय त्या आदिनाथला. म्हणावं, खणातलं घेऊन ये." मग त्याला दंडाला धरून उठवत म्हणाली, "आन् तोवर तू जेव."

"लिंग नसताना कसा जेवू?"

"आजवर जेवलासच की गळा झाकून. आता उघड जेव. तुझ्या वाटचं मी सोडते. लिंग येईस्तोवर पाण्याशिवाय माझ्या तोंडात काही जाणार न्हाई. देवाला हिशेब पाहिजे असंल तर माझ्याशी करंल."

त्या दिवशी दुकान उघडलं, पण गादीवर बसम्मा होती आणि आवाज नव्हता. हमाल सटवा दोनदा येऊन बघून गेला.

सकाळी फोन वाजला. विश्वेश्वर उठायच्या आधी बसम्मा जिन्याला लागली होती. गुडघे कुरकुरत होते, पोटात अन्न नव्हतं, डोळ्यांपुढं काजवे. वर जाऊन ती टाकी आणि कड यांच्या मधोमध बसली, फतकल मारून, धान्याच्या पोत्यासारखी. तो येऊन उभा राहिला तसा तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं.

"बस."

तो बसला. फोन कानाला होता.

"काल काही केलं नाही," तो म्हणाला. "आजही करणार नाही. अडचण... आहे."

पलीकडून कोणीतरी खूप वेळ इंग्रजीत बोललं. विश्वेश्वर ऐकत राहिला. मग त्यानं आईकडं, तिच्या सुकलेल्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाला, "हो सर. आजारी आहे ती. खरंच आहे." फोन बंद केला. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आदिनाथ आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, काखेत स्टीलचा डबा.

"काकू, उघडून बघितलं न्हाई. खणात जसं होतं तसंच रुमालानं उचललं. सोवळ्याचं मला काय कळत न्हाई, म्हणून सगळ्या वाटेनं मांडीवरच ठेवलं. खाली न्हाई टेकवलं."

कंपनीतल्या माणसांना सुनवायला बसम्मानं जे जे काय साठवून ठेवलं होतं, ते त्या डब्यापुढं विरून गेलं. विश्वेश्वर मठात जाऊन स्वामींच्या हातून लिंग बांधून घेऊन आला आणि आतल्या खोलीत पूजेला बसला. बसम्मानं दोन ताटं वाढली. एक स्वतःचं, एक आदिनाथचं.

आदिनाथ हावऱ्यासारखा जेवत होता. दिंद्रुडच्या घरची भाकरी आठवली म्हणाला. बसम्मानं पहिला घास मोडला आणि विचारलं, "आन् ती कोंबडी कोणाच्या गळ्यात हाय आता?"

आदिनाथ हसला. विश्वेश्वर आल्या दिवशी हसायचा प्रयत्न करत होता, तसाच.

"इशाचं काम कालच माझ्याकडं आलं ना, काकू. तुकडा त्याचा, नाव माझं. मशीनला काय?" त्यानं पाण्याचा घोट घेतला. "चालायचंच. गंमत हाय ती. दुपारच्या गाडीनं निघतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अर्धी भाकरी तशीच ठेवून तो उठला. डाव्या हातानं फोन चाचपत म्हणाला, "हितं रेंज कुठं येते काकू? वरती ना?" आणि उत्तराची वाट न बघता जिना चढला.

बसम्मानं आतल्या खोलीकडं बघितलं. विश्वेश्वरच्या तळहातावर लिंग होतं, डोळे मिटलेले. पूजा पुरी झाल्याशिवाय त्याला उठता येणार नव्हतं.

"आदिनाथ," तिनं हाक मारली, "बसून बोल रे बाबा."

टाकीजवळ पावलं थांबली. मग घसा साफ केल्याचा आवाज. "काल मी पैसे भरायच्या पानाचं काम केलं..."

बसम्मानं हातातला घास ताटात ठेवला. भिंतीशी टेकवलेला पाट काखेत घेतला आणि गुडघ्यावर हात देत ती जिना चढू लागली.